चिलापीची सोयरीक

२० नोव्हेंबर ’९१

निवांत घराण्यातल्या माशांच्या हौदात पिवळे तांदूळ. हळद लावलेले, अख्खे. मासे आनंदाने खात होते.

हिराकाकूंना म्हटलं, काकू, कोंडा आणि पेंड सोडून काही टाकायचं नाही असं ठरलंय ना आपलं?

"चार दाने पडलं असतील गो बाय. तुलशीचा लगीन झाला ना परवा."

बरं. चार दाणे. पण माझा सगळा प्रयोग एकसारख्या खाण्यावर उभा आहे. चारही हौदांत तेच पाणी, तेच खाणं, तेच ऊन. मग फरक दिसला तर तो रक्तातला, असं छातीठोक म्हणता येतं. आता हळदीच्या तांदळाचं काय लिहू थिसिसमध्ये?

जास्त बोलले नाही. हौद त्यांचे आहेत. वीटभट्टी बंद पडली म्हणून रिकामे होते, काकांनी दिले, आणि मी कॉलेजात असते तेव्हा खाणं काकूच घालतात. हेंद्रेपाड्यात दुसरं कोणी मला साधा टब दिला नसता.

२४ नोव्हेंबर

विहारातल्या एक बाई घरी आल्या होत्या. त्यांच्या नात्यात मुलगा आहे. "मुलगी काय करते?" आई म्हणाली, "मासे सांभाळते." बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना वाटलं आम्ही अंबरनाथच्या बाजारात बसतो.

मग मी आतून येऊन सांगितलं. चिलापी हा मासा तळ्यात सोडला की अडीच-तीन महिन्यांत वयात येतो. बोटाएवढा असतो आणि संसाराला लागतो. सगळी ताकद अंडी घालण्यात जाते, अंगाला काही लागत नाही. शेतकरी वर्षाने जाळं टाकतो तर टोपलीभर चिमुकली मासळी, एक धड विकण्यासारखी नाही. तर ही घाई आईबापांकडून येते की तळ्यातल्या गर्दीमुळे होते, हे मी शोधतेय. माझ्याकडे दोन घराणी आहेत. एक उतावळं, एक निवांत. दोघांना दोन-दोन हौद. प्रत्येक घराण्याची लग्नं घरातल्या घरात लावायची आणि पुढची पिढी कधी वयात येते ते बघायचं.

बाई चहा अर्धा ठेवून गेल्या. आई म्हणाली, "वयात येतात, संसाराला लागतात... अगं, पाहुण्यांसमोर!"

मी म्हटलं, मग काय सांगू, उमलतात म्हणून?

१ डिसेंबर

निवांतांच्या हौदात पिल्लं! उतावळ्यांच्या हौदातली परवाच दिसली होती. चिलापीची आई अंडी तोंडात धरून बसते, पिल्लं पोहायला लागेपर्यंत काही खात नाही. हिराकाकू काठावर बसून बघत होत्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं. मागेही सांगितलं होतं, गणपतीच्या सुमारास. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "ही सगली एकाच आयशीची? मंग यांची लगना कोनाशी?" मी म्हटलं होतं, आपापसांतच. त्यावर त्या उठून आत गेल्या होत्या. शिकलेल्या नाहीत पण पटकन कळतं त्यांना.

आज म्हणाल्या, "आता बेस झाला. पोरा गुनी निघतील."

१५ डिसेंबर

आईबरोबर करार. लेखी नाही, पण लेखीपेक्षा वाईट, कारण आई विसरत नाही.

सर जूनअखेर रिटायर होतात. त्याआधी माझे आकडे त्यांच्या हातात पडले तर थिसिस त्यांच्या सहीने जाईल. नाहीतर नवा गाइड, नवं रजिस्ट्रेशन, नवा विषय. हे मी आईला फक्त बोलता बोलता सांगितलं. तिने लगेच पकडलं. "म्हणजे जूनपर्यंत. जूनमध्ये झालं तर तू डॉक्टर. नाही झालं तर मी आणीन त्या मुलाला हो म्हणायचं. तीस लागेल आता."

मी हो म्हटलं. का नाही म्हणणार? निवांतांची पिल्लं निवांत निघणार, उतावळ्यांची उतावळी. मार्चमध्ये दिसेलच. एप्रिल-मे लिहायला. डाव माझ्याच हातात आहे.

दादा (वडील) पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "विचार करून हो म्हण."

केला विचार.

१८ फेब्रुवारी ’९२

कॉलेज (कॅम्प ४) ते हेंद्रेपाडा ते घर. पाय गेले. तिथल्याच सिंधी कॅम्पातल्या लछुभाईंकडून हाताचं जाळं घेतलं. ते काचपेट्या आणि रंगीत मासे विकतात, पण माझं सगळं सामान त्यांच्याकडचं. "मॅडम, ये काला मच्छी कौन लेगा? गोल्डफिश करो ना साईं, धंदा होगा." म्हटलं, मला धंदा नाही, डिग्री हवीय. ते म्हणाले, "डिग्री का भी धंदाच होता है." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पिल्लं मजेत. अजून कोणी वयात आलेलं नाही.

८ मार्च

निवांतांच्या हौदातल्या पिल्लांत तीन काळे.

नर वयात आला की अंग काळं पडतं, हनुवटी पांढरी होते आणि परांना तांबडी कड येते. लांबूनही ओळखू येतो. उतावळ्यांत दिसले असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. पण हे निवांत! यांचे बाप पाच महिने राखाडी फिरत होते. आणि यांना जेमतेम तीन.

उतावळ्यांच्या हौदात बघितलं. पिल्लांतला एकही नर काळा नाही. माद्या मात्र दोन, तोंड फुगवून बसलेल्या.

काही तरी...

उद्या परत बघते. ऊन फार होतं.

९ मार्च

ऊन नव्हतं. सात काळे.

१२ मार्च

सरांना सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, "पाट्या बदलल्या का?" हौदांवर ऑइलपेंटने मी स्वतः लिहिलंय, पाट्या कुठून बदलणार? मग म्हणाले, "तू चुकून पिल्लं अदलाबदल केलीस." नाही. मग डोळे मिटून बसले आणि एकदम खूष झाले. "सुजाता, अगं, हा तापमानाचा परिणाम आहे! निवांतांचे हौद पश्चिमेला आहेत ना? दुपारचं ऊन! रक्ताचा काही संबंध नाही! फार मोठी गोष्ट आहे ही!"

चार वर्षं मी रक्त रक्त करतेय आणि यांना एका दुपारी ऊन सापडलं. मी म्हटलं, सर, मग माद्यांना ऊन लागत नाही का? निवांतांच्या मुली अजून निवांतच आहेत. फक्त मुलगे बिघडलेत. आणि उतावळ्यांच्या मुली उतावळ्या, मुलगे सुधारलेत. ऊन काय मुलगा-मुलगी बघून पडतं?

सर म्हणाले, "आवाज कमी."

१५ मार्च

आज हिराकाकूंच्या ओट्यावर बसून रडले. लाज वाटते लिहायला, पण रडले. जून गेला, डिग्री गेली. विहारातल्या बाई परत येणार आणि मी हो म्हणणार. कोणाला ते कोणाला ठाऊक.

काकू घाबरल्या. पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "मेली का मासली?" नाही म्हटलं. "मंग रडतंस कशाला? लगना तर मी बेस लावली त्यांची."

मी म्हटलं, कुणाची लग्नं?

"तुज्या माशांची. तू बोललीस ना, सगली एका आयशीची, आन् त्यांचीच लगना आपसात. मना ता नाय पटला गो. सख्खी भावंडा! आमच्या हौदान! मी याना बोलले, हे म्हनाले पोर शिकलेली हाय, तिचा ती बघल. तुलशीचा लगीन झाला, मुहूर्त निंगले, मंग मीच केला. काले काले नवरे काढले, पातेल्यान घातले, इकरचे तिकरं न् तिकरचे इकरं. अक्षता पन टाकल्या."

पिवळे तांदूळ.

मी उठले, चपला घातल्या आणि निघाले. बोलले असते तर शिवी आली असती तोंडात, आणि काकू आईच्या वयाच्या आहेत. माझं लग्न ठरत नाही म्हणून आईची झोप उडालीय, आणि इकडे माझ्या माशांचं अक्षता टाकून थाटात उरकलं, मलाच आमंत्रण नाही.

१५ मार्च, नंतर

रिक्षात बसले होते. चिखलोलीच्या पुढे कुठेतरी एकदम लक्षात आलं.

फक्त नवरे हलवले. नवऱ्या जागेवर. म्हणजे निवांतांच्या हौदातल्या पिल्लांची आई निवांत, बाप उतावळा. मुलगे उतावळे झाले. उतावळ्यांच्या हौदात आई उतावळी, बाप निवांत. मुलगे निवांत झाले.

मुलगे बापावर गेले! दोन्हीकडे! ऊन नाही, गर्दी नाही. घाई बापाकडून मुलाकडे जाते. अगं बाई!

मोठ्याने ओरडले. रिक्षावाल्याने ब्रेक मारला, "क्या हुआ मॅडम?" म्हटलं बाप, बाप! त्याला वाटलं माझे वडील गेले. पुढे घरापर्यंत अगदी हळू आणि अदबीने चालवली बिचाऱ्याने.

१६ मार्च

हेंद्रेपाडा. काकूंना विचारलं, सगळे नर हलवले ना? एखादा राहिला तर?

"सगले. एक नाय ठेवला. मना काय पाप लावून घ्यायचाय?"

मिठी मारली त्यांना. त्या म्हणाल्या, काल तोंड वाकडा करून गेलीस, आज गल्यात परतंस, तुला देवरुषी दाखवायला पायजे.

१७ मार्च

सरांनी सगळं ऐकलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

"खरं असेल. पण ‘साहित्य व पद्धत’मध्ये काय लिहिणार? ‘नर मासे हिराकाकूंच्या धार्मिक भावनांनुसार हलवण्यात आले’? कोण पास करील?" मग थोडे मऊ झाले. "परत कर. तुझ्या हाताने, माझ्यासमोर. दोन हौदांत नवरे अदलाबदल. दोन हौदांत तसेच, घरातल्या घरात. ते नसतील तर तुलना कशाशी करणार? जूनच्या शेवटच्या आठवड्यात नर काळे पडायला लागले तर मी सही करतो."

जूनचा शेवटचा आठवडा. पिल्लं एप्रिलच्या मध्यात आली तर जेमतेम, फार जेमतेम.

२१ मार्च

काकू ऐकत नाहीत.

दोन हौदांत अदलाबदल, चालेल. दोन हौदांत भावाबहिणीचं, नाही म्हणजे नाही. "दुसरीकरं कर. आमच्या हौदान हा अधर्म नाय." पाय धरले. सांगितलं की माशांना गोत्र नसतं. "तुला काय ठाव?" काका मध्ये पडले तर त्यांनाही सुनावलं, भट्टी घालवलीत, आता नाव पन घालवा.

माझा मेंदू तापला. मी म्हटलं, काकू, तळ्यात, नदीत, समुद्रात हे काय विचारून करतात का? त्या म्हणाल्या, "समुद्र आमच्या मालकीचा नाय. हौद हाय."

हा मुद्दा कुठल्याच पुस्तकात नाही.

२२ मार्च

दुसरे हौद शोधले. कॅम्पात लछुभाईंच्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या टाक्या आहेत, पण एक वाजता पाणी उकळतं त्यांच्यात. कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे काचपेट्या, एकेकीत जेमतेम चार मासे मावतात. विहारामागची विहीर... नको. आई तिथे रोज जाते, माझे प्रकार तिने न बघितलेले बरे.

घरी आल्यावर दादांना सांगितलं. ते हसून हसून खोकले. मग म्हणाले, "मामाची पोर चालते का त्यांच्यात?"

दादा!!

२३ मार्च

सकाळी सकाळी हेंद्रेपाडा. काकू, मामाच्या मुलीशी लग्न चालतं का?

"चालतंय म्हन्जे? आमचा दीर न् जाऊ मामा-आतेचीच हायत."

मग त्यांना माझ्या डोक्यातली वंशावळ सांगितली. हौदातल्या निवांत नरांच्या मामाची पिल्लं कॉलेजच्या काचपेट्यांत वाढताहेत, वर्षापूर्वी वेगळी ठेवलेली. उतावळ्यांच्या मामाचीही. त्या मुली आणायच्या, इकडचे नवरे त्यांच्याशी लावायचे. घराणं तेच, रक्त तेच, पण सख्खी नाहीत.

काकूंनी नीट तपासलं. आत्याची कोण, मामाची कोण, मुलगी मामाकडून येते ना, उलटं नको. मी खडूने ओट्यावर काढून दाखवलं. शेवटी मान हलवली. "हा. आता रीतीत हाय."

सरांना फोन करून सांगितलं. त्यांनी सगळी वंशावळ परत सांगायला लावली. मग म्हणाले, "शास्त्राच्या दृष्टीनेही हेच बरं आहे. सख्ख्यांचं लावलं की पिल्लं कमजोर होतात. हे आपल्याला आधी का नाही सुचलं?" आपल्याला म्हणे. मी म्हटलं, सर, आपल्याकडे कोणी लग्नं जमवणारं नव्हतं.

२६ मार्च

लछुभाईंनी ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत मासे बांधून दिले. सर स्वतः टेम्पोत पुढे बसून आले, मांडीवर एक पिशवी. हेंद्रेपाड्यातली बायका-मुलं जमली. आधीची पिल्लं कालच काढली होती, हौदांत फक्त मोठे मासे. सरांच्या समोर, माझ्या हाताने, एकेक नर ठरलेल्या हौदात. काकूंनी हळदीचे तांदूळ आणले होते. मी बघितलं सरांकडे. सर म्हणाले, "चारही हौदांत सारखे टाका." अक्षता मोजून टाकणारे गाइड माझेच.

१६ एप्रिल

चारही हौदांत पिल्लं. सुटले!

३ मे

उन्हाने पाणी उतरतंय. रोज बादल्या. काकूंची कंबर धरली, मग मी एकटी. हाताला फोड.

आईने मुलगा ठरवलाय. म्हणजे बघायचा कार्यक्रम. ठाण्याचा, बँकेत आहे. पाच जुलै. "करार लक्षात आहे ना?" आहे. मुलगा कसा आहे विचारलं नाही. विचारलं की अर्धं हो होतं.

७ जून

काही नाही. पिल्लं सगळी राखाडी.

सरांच्या निरोप समारंभाची वर्गणी काढताहेत. मला भाषण करायचंय. काय बोलू, सर, दोन आठवडे थांबा?

१९ जून

उतावळ्यांच्या घरच्या हौदात (मामाच्या पोरींचा) पहिला काळा! उतावळा बाप, उतावळा मुलगा, जसं व्हायला हवं तसं. पण यावरून काही सिद्ध होत नाही. मला निवांत आईच्या पोटी काळा हवाय. अदलाबदलीच्या हौदात. तिथे एकही नाही.

काकूंनी विचारलं, "अजून किती?" म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, माझ्या धाकट्याला मिशी फुटायला एकोणीस लागलं, चिंता करू नको. मला अजिबात बरं वाटलं नाही.

२६ जून

सर येऊन बघून गेले. काठावर उकिडवे बसले पाऊण तास. "एकाची हनुवटी मला पांढरी वाटली." मला नाही वाटली. मला वाटायला हवी होती, पण नाही वाटली. सर म्हणाले, "चार-पाच दिवस थांबू. तीस तारखेनंतर सही चालते का, विद्यापीठात विचारतो. काही वेळा चालते." काही वेळा.

२८ जून

आज आई हेंद्रेपाड्याला आली. स्वतःहून. ठाण्याच्या लोकांना काय सांगायचं, मासे म्हणजे नेमकं काय, ते डोळ्यांनी बघायला हवं म्हणाली. नवं लुगडं नेसून, छत्री घेऊन.

हिराकाकूंशी पाच मिनिटांत दोस्ती. दोघींचं एकमत की मी जेवत नाही आणि ऐकत नाही. काकूंनी लग्नांची गोष्ट सांगितली, आई इतकी हसली की काठावर बसावं लागलं.

मग हौदात बघायला लागली. उतावळ्यांची एक मादी कोपऱ्यात होती, तोंड गच्च मिटलेलं, गाल फुगलेले.

"ही काय करते?"

"तोंडात अंडी आहेत."

"खाते कशी मग?"

"खात नाही. पिल्लं सुटेपर्यंत."

"एवढीशी आहे गं. किती महिन्यांची?"

"अडीच."

"आणि मोठी कधी होणार?"

"नाही होत, आई. हीच तर अडचण आहे. सगळं पिल्लांत जातं. अशीच राहते."

काकू चहा टाकायला आत गेल्या. मग आई म्हणाली, "मला तेरावं होतं. दादांना बघितलं ते लग्नातच. पंधराव्याला पहिलं लेकरू. तुझ्या आधीचं. महिनाभर होतं."

मला माहीत नव्हतं. एकोणतीस वर्षं या बाईच्या घरात राहतेय आणि मला माहीत नव्हतं. मला वाटायचं आई बुटकीच आहे, आमच्याकडे बायका बुटक्या असतात. मी तिच्या शेजारी बसले. तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला, छत्री पडत होती म्हणून.

"मुलगा कसा होता?" मी विचारलं.

"मुलगी होती." मग लगेच, "चल, चहा थंड होईल."

येताना रिक्षा केली. अंबरनाथ आल्यावर म्हणाली, "पाच तारखेला येऊ दे त्यांना. सांगून झालंय, आता नाही म्हणणं बरं दिसत नाही."

मी म्हटलं, करार लक्षात आहे माझ्या.

"करार राहू दे. ते गेले की मी तुला विचारीन, हवाय का नको. मला कोणी विचारलं नव्हतं. तू नीट विचार करून सांग. सर सही करोत न करोत."

आता गॅलरीत बसून लिहितेय. आज अदलाबदलीच्या हौदात पिल्लांतला एक नर थोडा काळसर दिसला. हनुवटी बघायला वाकले तर आईची सावली पडली पाण्यावर आणि तो खाली गेला. उद्या सकाळी जाऊन परत बघायचं. आणि आईने खरंच विचारलं तर काय सांगायचं, ते मला अजून माहीत नाही. आतापर्यंत फक्त नाही कसं म्हणायचं, याचाच विचार केला होता.